कान लागले होते

पाणी कधी एकटं जात नाही. ज्याच्या अंगावरून उठतं त्याला सोबत ओढू पाहतं. ओढून नेता आलं नाही, तर निदान वाकवून जातं. फुलदाणीतली पाकळी सुकताना आत वळते, तळं आटलं की गाळाला भेगा पडतात, न्हालेले केस वाळताना एकमेकांना बिलगून त्यांच्या बटा होतात. रेणुका वरुटे गेली कित्येक वर्षं पाण्याची ही खोड चुकवण्याच्या कामात होती. मेलेल्या पेशीतलं पाणी अशा रीतीनं काढून घ्यायचं, की ते गेल्याचं पेशीला कळूही नये.

पाषाणच्या टेकडीच्या पायथ्याशी कर्णविज्ञान केंद्राची बैठी इमारत होती. तिथे राज्यभरातून दान केलेले कान येत. कान म्हणजे बाहेरची पाळ नव्हे, तर कवटीच्या हाडात खोल दडलेला, वाटाण्याएवढा, गोगलगाईसारखा वेटोळलेला शंख. त्या शंखाच्या आत एक अरुंद पट्टी असते आणि पट्टीवर केसांच्या जुड्यांच्या रांगा. पट्टीवरची प्रत्येक जागा एकेका स्वराची. शंखाच्या पायाशी उंच, तीक्ष्ण स्वर. वर शिखराकडे जावं तसे खाली उतरत जाणारे, घुमणारे. आवाज आला की त्याच्या जागेवरच्या जुड्या झुलतात, आणि त्या झुलण्यालाच आपण ऐकणं म्हणतो.

इथवरचं शाळेच्या पुस्तकात होतं. पुस्तकात नव्हतं ते केंद्रानं दशकापूर्वी शोधून काढलं. कानाकडून मेंदूकडे जशा नसा जातात, तशा काही उलट्या, मेंदूकडून कानाकडे येतात. आपण कान देऊन ऐकतो तेव्हा मेंदू त्या नसांतून नेमक्या जागेच्या जुड्या ताणून धरतो. वर्षानुवर्षं एकाच आवाजासाठी कान टवकारले, तर त्या जागेवरच्या केसांच्या टोकांशी बारीक कडी धरते. कुदळ धरणाऱ्याच्या तळव्याला घट्टे पडतात, तशी. या कड्यांना केंद्रात ताणखुणा म्हणत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या मोजता येत, आणि कुठकुठल्या जागा एकत्र ताणल्या गेल्या ते पाहून यंत्र एक ध्वनिठसा उभा करी. त्यात शब्द नसत. ज्या आवाजासाठी माणसानं सर्वांत जास्त कान लावले, त्याची केवळ आकृती असे.

आणि यातली सर्वांत विलक्षण गोष्ट अशी होती, की आवाज प्रत्यक्ष आला की नाही याच्याशी ताणखुणांना कर्तव्य नसे. आवाज येऊन गेला तर केस घासले जात, त्याची घासण निराळी ओळखू येई. ताणखूण पडे ती केवळ वाट पाहण्यानं.

माणसांच्या हाती असं काही लागलं की ती त्याचं काय करतात, हे रेणुकेनं जवळून पाहिलं होतं. सांगलीच्या एका विधवा प्राध्यापिकेला नवऱ्याच्या कानात आपला आवाज मिळाला नाही. मिळाली ती कुकरची शिट्टी. बाई आधी रडल्या आणि मग केंद्राच्या पायऱ्यांवर बसून खो खो हसल्या. नाशिकच्या एका घरात भावाभावांचं बोलणं तुटलं, कारण आईच्या कानात धाकट्याचाच आवाज खोलवर होता. हल्ली लग्नाच्या याद्या करताना वधूपक्षाकडची मंडळी थट्टेनं म्हणत, 'नवऱ्याचा कान मेल्यावर तपासून घेऊ हं!' आणि थट्टा करणाराच क्षणभर गप्प होई.

आप्पांचा, तिच्या वडिलांचा कान आला तो गुरुवारी.

डब्यावर नाव नव्हतं, नसेच. डाव्या बाजूचा, पुरुष, पंचाहत्तरी उलटलेला, यंत्रमाग कामगार, इचलकरंजी. उजव्या कानात जुना पू होता म्हणून तो घेतला नव्हता, हे डब्यावर लिहिलेलं नव्हतं. ते तिला ठाऊक होतं. डबा हातात घेऊन ती किती वेळ उभी होती कोण जाणे. आत, पिवळसर द्रवात, वाटाण्याएवढं काहीतरी तळाशी टेकलं होतं.

"ताई," मागून तन्वीर मुजावर म्हणाला. तो सूक्ष्मदर्शक चालवायचा. मिरजेचा, वयानं तिच्याहून लहान, तिच्याच हाताखाली तयार झालेला. "हा मी करतो. सोमवारी."

"तुझा हात म्हणजे गवंड्याचा, तन्वीर."

"गवंड्याचा तर गवंड्याचा. पण नियम कुणी केला? 'आपल्या माणसाचा नमुना आपण करायचा नाही.' दारावर लावलाय. खाली सही कुणाची आहे ते वाचून दाखवू?"

सही तिचीच होती. एका सहकाऱ्याचे हात बायकोच्या कानावर थरथरले होते आणि त्यानंतर तो माणूस पुन्हा या खोलीत आला नव्हता. म्हणून तो नियम.

"सोमवारी कर," ती म्हणाली आणि डबा फडताळात ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. इंदूआत्या. आप्पांची विधवा बहीण. रेणुकेची आई गेल्यापासून त्या घरात तिचंच राज्य होतं. तिचा फोन जुना, बटणांचा, माणसाचा आवाज जेमतेम पोचवणारा. म्हणून ती नेहमी ओरडूनच बोले.

"रेणूऽ, रंगारी आल्यात. दाराला रंग द्यायचाय. कडीला ती खुळखुळ हाय बघ तुझ्या बाची, ती आडवी येतीया म्हनत्यात. काढून टाकू व्हय?"

रेणुकेच्या डोळ्यांसमोर ती क्षणभर लखलखली. मागावर ताण्याच्या प्रत्येक उभ्या धाग्यात एक पातळ पोलादी पट्टी लोंबत असते. धागा तुटला की पट्टी पडते आणि माग आपोआप थांबतो. तिला ड्रॉपपिन म्हणतात. तशा चार-पाच पट्ट्या सुतळीत ओवून आप्पांनी बाहेरच्या कडीला बांधल्या होत्या. ती तेव्हा आठवीत असेल. मैत्रिणी हसायच्या, तुमच्या दाराला घुंगरू का गं? तिनं विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले होते, 'मांजर शिरतंय.'

"टाक की काढून," ती म्हणाली.

"टाकू म्हनतीस?"

"आत्या, मी कामात आहे. त्यात विचारायचं काय?"

"तसं न्हवं. मरंस्तोवर कुनाला हात लावू देत न्हवता त्येला. म्हनून इचारलं बाई." आणि फोन बंद झाला.

आप्पांशी फोनवर बोलणं म्हणजे विहिरीत तोंड घालून बोलणं. 'आप्पा, मी रेणू.' 'हं.' 'जेवलात?' 'हं.' 'दिवाळीला यायला जमणार नाही.' 'बरं.' आणि मग, 'हे घे, इंदू, तू बोल.' उभं आयुष्य मागांच्या शेडमध्ये गेलेलं. तिथला खडखडाट माणसाच्या कानात एक खळगा पाडतो आणि मग वर्षागणिक तो रुंद करत जातो. हे रेणुकेला शास्त्रानं ठाऊक होतं. तरीही पुण्याला आल्यापासून प्रत्येक 'हं'नंतर तिला वाटे, खळग्यापलीकडे काही उरलं असेल तर ते आपल्याकडे वळलेलं नाही. ती हळूहळू कमी जाऊ लागली. मग कमी बोलू लागली. शेवटच्या वर्षांत ती फक्त आत्याशीच बोले, आणि आप्पा शेजारच्या खुर्चीत बसलेले असत, हे तिला खुर्चीच्या करकरण्यावरून समजे.

दहाव्याला गेली तेव्हा आत्या सांगत होती. "शेवटाला भरमिष्ट झाल्यागत करायचा बघ. संध्याकाळ झाली की बसल्या जागचा उठायचा आनि दार उघडायचा. भाईर कोन न्हाई, काय न्हाई. मी म्हनायची, दादा, भूत भेटाय आलंय का? तर म्हनायचा, वाजल्यागत झालं." आणि कानदानाचा अर्ज भरला तेव्हा काय म्हणाले, तेही आत्यानं सांगितलं होतं, पदर डोळ्याला लावून आणि तरीही हसत. "म्हनाला, जित्तेपनी ह्या कानांचा रेणूला काय उपेग झाला न्हाई. मेल्यावर तरी होऊ दे."

त्या एका वाक्यानं तिची झोप नेली होती. तिला एवढंच हवं होतं. त्या वाटाण्याएवढ्या शंखात, माणसाच्या आवाजाच्या वेढ्यावर, कुठेतरी आपल्या आवाजाची आकृती असावी. एक कडी. एका केसाच्या टोकाला.

रविवारी दुपारी केंद्रात कुणी नसतं. ती आली, दाराला आतून कडी न घालता नुसतंच लोटून घेतलं, आणि हात धुतले. नियमाकडे तिनं पाहिलं नाही. सोमवारी तन्वीरच्या हातून काही वावगं झालं असतं तर ती त्याला कधीच क्षमा करू शकली नसती, असं तिनं स्वतःला सांगितलं. आणि ते खरंही होतं, पण पुरतं खरं नव्हतं. तिला तो कान दुसऱ्या कुणाच्या हातात नको होता, एवढंच.

भिंगाखाली तिनं हाड कोरून काढलं, अंड्याचं टरफल सोलावं तसं कणाकणानं. आतली पट्टी मोकळी झाली, ओल्या रेशमासारखी. तिचे दोन तुकडे केले. वरच्या वेढ्यांचा, ज्यात माणसाचा आवाज राहतो. आणि पायाकडचा, उंच स्वरांचा. मग ऑस्मियम, ज्यानं पेशींचा पांढरेपणा काजळून जातो आणि त्यांना आकार धरून ठेवायचं बळ येतं. मग अल्कोहोल, आधी विरळ, मग थोडं दाट, मग आणखी दाट, म्हणजे पाण्याला निरोप देताना घाई होत नाही. शेवटी निखळ अल्कोहोल, ज्यात पाण्याचा थेंब नाही. या सगळ्या प्रवासात नमुन्याला हवेचा स्पर्श एकदाही होऊ द्यायचा नाही. एका द्रवातून दुसऱ्यात, नेहमी बुडालेलाच.

आता त्या अल्कोहोलची जागा द्रवरूप कार्बन डायऑक्साइडनं घ्यायची होती, आणि मग त्याला वायू करायचं होतं. खरी किमया इथे होती. कुठलाही द्रव उडून जातो तेव्हा त्याचा पृष्ठभाग पेशीवरून सरकत जातो, आणि तो पृष्ठभागच सगळं मोडतो. म्हणून द्रव जाड पोलादी पेटीत कोंडायचा आणि तापवायचा. तापमान एकतीस अंशांपुढे गेलं आणि दाब पुरेसा चढला, की पेटीच्या काचेतून दिसणारी द्रवाची रेघ थरथरते, धूसर होते आणि नाहीशी होते. द्रव उकळत नाही की उडत नाही. तो द्रव आहे की वायू, हा प्रश्नच संपतो. पृष्ठभागच उरला नाही तर ओढणार कोण? त्या बिंदूला क्रांतिक बिंदू म्हणत. रेणुकेनं तो हजारदा पाहिला असेल, आणि दर वेळी तिला वाटे, माणसांनाही असं एकमेकांपासून निघता यायला हवं होतं. रेघ पुसून. कुणाला न वाकवता.

दोन तुकडे तिनं दोन जाळीदार डब्यांत घातले. तिसऱ्या डबीत साक्ष. ही या खोलीची रीत होती. पायऱ्यांशेजारी सदाफुली होती. प्रत्येक खेपेला तिची एक पाकळी नमुन्याबरोबर त्याच सगळ्या द्रवांतून न्यायची. पाकळीच्या पेशी उभ्या शंकूंसारख्या, अतिशय नाजूक. आधी पाकळी बघायची. तिचे शंकू ताठ असतील तर नमुनाही शाबूत. तिचं काही बिनसलं असेल तर नमुन्याकडे कोणत्या डोळ्यांनी बघायचं ते माणसानं आधीच ठरवावं.

काचेतली रेघ थरथरली, धूसर झाली, गेली.

आता एकच काम उरलं होतं, आणि तेच सगळ्यात अवघड. वायू हळूहळू, अगदी हळूहळू बाहेर सोडायचा. झडप जरा जास्त उघडली की वायू पसरतो, पसरला की थंड होतो, थंड झाला की पुन्हा दवासारखा टपकतो. त्या दवाला पृष्ठभाग असतो. 'झडपेवर हात ठेवून विसरून जायचं, आपल्याला घर आहे,' असं ती नव्या मुलांना शिकवी.

तिचा हात झडपेवर होता. बाहेर व्हरांड्यात कडी वाजल्यासारखं झालं.

ती ताठ झाली. तन्वीर? रविवारी? क्षणभर तिचं सारं असणं कानात गोळा झालं. हातात काही उरलं नाही. पाऊल वाजेल म्हणून ती ऐकत राहिली. काहीच वाजलं नाही. वारा असावा, किंवा तेही नसावं.

खाली पाहिलं तेव्हा झडप तिनं फिरवायला हवी होती त्याच्या दुप्पट फिरलेली होती, आणि काचेच्या आतल्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, एक पुसट धुकं येऊन गेलं होतं.

सोमवारी सकाळी तन्वीर आला तेव्हा ती सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत बसलेली होती. तिन्ही तुकडे स्टबांवर, म्हणजे धातूच्या बारीक बैठकांवर चिकटवून, वर सोन्याचा मुलामा चढवून तयार होते. इतका पातळ मुलामा, की त्याला सोनं म्हणणं हीच अतिशयोक्ती.

तो स्टबांकडे आणि मग तिच्याकडे पाहत राहिला. "केलंत."

"केलं. आणि झडपेवर चुकले."

"तुम्ही? झडपेवर?"

"दार वाजलं असं वाटलं."

त्यानं खुर्ची ओढली. रागावला असता तर बरं झालं असतं. "चहा घेतलाय का काही?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता सूक्ष्मदर्शकाचा पंप चालू केला. "साक्ष आधी."

पडद्यावर सदाफुलीची पाकळी आली. एका बाजूला शंकूंचं रान ताठ उभं होतं, पहाटेच्या शिवारासारखं. दुसऱ्या बाजूला ते आडवं झालं होतं. गुरं चरून गेल्यासारखं, एकमेकांवर पडून.

"डब्या कशा ठेवल्या होत्या?" तन्वीर हळूच म्हणाला.

"वरच्या वेढ्याची झडपेच्या बाजूला."

त्यानं मान हलवली आणि तो तुकडा आणला. जिथे जुड्यांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या रांगा असायला हव्या होत्या, तिथे न्हाऊन वाळलेल्या केसांच्या बटा होत्या. तो कितीतरी वेळ पडदा सरकवत राहिला, एखादी शाबूत रांग मिळते का म्हणून. शेवटी हात खाली घेतला.

"माणसाच्या आवाजाचा भाग गेला, ताई. यातून काही वाचता येणार नाही. कधीच नाही."

रेणुकेच्या मनात एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं, आणि त्यात तिचा आवाज नव्हता, आप्पांचा होता. 'हं. बरं. हे घे, इंदू, तू बोल.' त्या 'हं'च्या पलीकडे काय होतं, हे सांगू शकणारी जगातली एकमेव गोष्ट तिनं स्वतःच्या हातानं वाकवली होती. पाण्यानं नव्हे, तिनं.

"पायाकडचा बघ," ती म्हणाली.

"त्यात काय मिळणार? जन्म मागावर गेला त्यांचा. तिथे नुसतं जळालेलं रान असणार."

"तरी बघ. अहवालात लिहावं लागेल."

जळालेलं रानच होतं. पट्टीवर लांबवर जुड्या नव्हत्याच. होता तो गुळगुळीत वण, हजारो पाळ्यांच्या खडखडाटानं तासलेला. तन्वीर सावकाश पायाच्या टोकाकडे सरकत गेला. या वयात तिथे काही उरत नाही. म्हातारपण कान खायला लागतं ते त्याच टोकापासून. वण संपला. आणि वणाच्या पलीकडे, जिथे काहीच असायचं कारण नव्हतं, तिथे एक बेट होतं.

"अरे," तन्वीर म्हणाला.

काही थोड्या जुड्या. चहूबाजूंनी उजाड, आणि मध्ये त्या उभ्या. पायरीपायरीनं, ताठ, सोन्यानं मढलेल्या. त्यानं भिंग वाढवलं. प्रत्येक केसाच्या टोकाशी कड्या होत्या. बारीक नव्हे, जाड. एकावर एक चढलेल्या, झाडाच्या खोडातल्या वर्षांसारख्या.

"एवढ्या ताणखुणा मी कुठल्याच कानात पाहिल्या नाहीत," तन्वीर म्हणाला. "यांनी हे बेट जगवलंय, ताई. नुसत्या लक्ष देण्यानं जगवलंय. पण स्वर किती उंच आहे हा... माणूस इतक्या उंचीवर बोलतच नाही. हे कुणाचा आवाज नाही."

"हो," ती म्हणाली. माणसाचा आवाज नाही. म्हणजे धाग्याचा असेल, मागाचा असेल. आपल्याला ते सोसायला हवं. "घासण बघ."

त्यानं बघितली. पुन्हा बघितली. "घासण अगदी कमी. खुणा एवढ्या आणि घासण एवढीशी, हे प्रमाण..." हे प्रमाण वाचायला तिनंच त्याला शिकवलं होतं.

"बोल."

"म्हणजे, वाजलं थोडं. वाट फार पाहिली."

यंत्राला ध्वनिठसा काढायला वेळ लागतो. त्या वेळात त्यानं खरोखरच चहा आणला आणि दोघांनीही तो प्यायला नाही. मग ध्वनिवर्धकातून तो आला, क्षणभराचा, आधी एक खरखर आणि तिच्यावर सांडलेली उंच, पातळ, पोलादी किणकिण. पत्र्याचे तुकडे एकमेकांना लागावेत तशी.

"हे काय आहे?" तन्वीर म्हणाला. "बांगड्या?"

रेणुका उभी राहिली होती.

ती आठवीत होती. शिकवणीहून यायला अंधार पडायचा. घरात आप्पा एकटे असायचे, आत्या देवळात. ती दार वाजवायची, वाजवत राहायची. एकदा इतका वेळ वाजवलं की हात लाल झाला, आणि शेवटी शेजारच्या काकूंनी परसातून जाऊन आप्पांना हलवलं. ती आत येऊन त्यांच्याशी बोलली नाही, जेवलीसुद्धा नाही. आप्पा ताटावर बसून तिच्या लाल तळहाताकडे पाहत होते. त्यानंतर कधीतरी कडीला ती खुळखुळ आली. मांजर शिरतंय.

"आत्या!" तिनं फोनवर जवळजवळ किंकाळीच मारली. "ती कडीची खुळखुळ. टाकलीस?"

"अगं हळू! कान फुटला माजा." पलीकडे आत्यानं कुणाला तरी बाजूला सारलं. "टाकायलाच गेलते की. तूच म्हनालीस. पन गाठ सुटंल तर शप्पत. इनकराची गाठ ती. कापाय कातर घेतली बघ हातात, आनि हातच हुईना. ऱ्हाऊ दे म्हनलं, रंग काय, थोडा कमी लागंल."

"आत्या, ती त्यांनी का बांधली होती?"

"तुला ठावं न्हाई?" आत्याला खरंच नवल वाटलं. "दाराची थाप त्याला ऐकू येत न्हवती गं. तू रुसून बसलीस त्या दिसापासनं किती काय काय बांधून बघितलं त्यानं. आधी देवळातली घंटा आनली, ती न्हाई ऐकू आली. मग पितळी वाटी, मग सायकलची घंटी. मला भाईर हुभी करायचा, वाजीव म्हनायचा, आनि आपन आत खुर्चीत बसायचा. मी वाजीव वाजीव वाजवायची. तोंडाकडं बघायची, तर काय न्हाई. शेवटाला ह्ये पत्रं आनलं कारखान्यातनं. वाजवल्याबरुबर असा हसला बघ! म्हनाला, ह्ये येतंय. रेणू आली की आता कळंल."

तन्वीरनं तोंड फिरवून पडद्याकडे केलं. पडद्यावर ते बेट तसंच उभं होतं, चहूबाजूंच्या वणात, वर्षांवर वर्षं चढवून. ती आली की कळेल. ती पुण्याला गेली. ती दिवाळीला आली नाही. संध्याकाळ झाली, वाजल्यागत झालं, दार उघडलं, बाहेर कुणी नव्हतं. घासण कमी. खुणा जास्त.

तिचा आवाज त्या कानात होता की नाही, हे आता कधीच कळणार नव्हतं. तिनं ते वाकवून टाकलं होतं. पण तिचं येणं होतं.

"आत्या," ती म्हणाली. "जरा वाजव ती. मला ऐकायची आहे."

"आता? रंगारी हसतील मला."

"हसू दे."

सपाता फरफटत गेल्या. दार करकरलं. मग रेणुकेनं फोन कानावर इतका दाबला, की तिच्या शंखातल्या जुड्या कुठल्यातरी एका जागी, पायाच्या टोकाकडे, ताणल्या गेल्या असणार. ती ऐकत राहिली. आत्याच्या जुन्या फोनमधून एक बोदी खरखर आली, कडी सरकल्याची. आणि तिच्यावर जे सांडायला हवं होतं त्या जागी काहीच नव्हतं. माणसाच्या आवाजापुरता बनवलेला तो फोन. त्याच्या पलीकडची उंची त्याला ठाऊकच नव्हती.

"आलं का ऐकू?" आत्यानं विचारलं.

"नाही."

"परत वाजवते. आता?"

"नाही, आत्या. काहीच येत नाही."

मग इंदूआत्या वैतागून ओरडली, "न्हाई येत? मग हितं ये की गं! दार काय फोनवर उघडतंय व्हय?"